गणिताचे मास्तर कायदेमंडळात

गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की काँग्रेसचे अध्यक्षपद, भारत सेवक समाज आणि गांधीजींचे राजकीय गुरू हे चटकन आठवते. हायस्कुलातल्या मुलांसाठी त्यांनी अंकगणिताचे पुस्तक केले होते, हे आता फारसे कुणाला ठाऊक नसते. न्यू इंग्लिश स्कूलमधल्या बापट नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी उदाहरणे जमवली, आणि ती छापा असे सुचवणारे टिळक होते. पुस्तक हिंदुस्थानभर शाळांतून चालले. पुढे नोकरी सोडल्यावर गोखल्यांचा प्रपंच बराचसा या पुस्तकाच्या मानधनावर चालला. मला मात्र त्याचे मोल वेगळ्या कारणाने वाटते. गोखल्यांचे कायदेमंडळातले कुठलेही भाषण काढून वाचा. उदाहरण मांडायचे, पायऱ्या दाखवायच्या, मग उत्तर काढायचे, हीच रीत दिसते. वर्गातला फळा त्यांनी सरकारच्या दिवाणखान्यात नेला.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, गुहागरजवळच्या कोतळूक गावचा. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या गोविंदरावांनी शिक्षण सोडले आणि कागललाच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये दर महिन्याला कोल्हापूरला धाकट्याच्या शिक्षणासाठी जात, आणि उरलेल्या सातांत घर चाले. कोल्हापूरच्या दिवसांतली एक गोष्ट चरित्रकार सांगत आले आहेत. एक सोबती गोपाळला नाटकाला घेऊन गेला आणि नंतर त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. आपल्याला फुकट नेले असेच हा धरून चालला होता. भावाकडे जास्तीचे पैसे मागायचे नाहीत म्हणून त्याने दिव्याचे तेल वाचवले आणि ते दोन आणे फेडले. पुढे कोट्यवधी रुपयांच्या अंदाजपत्रकात मिठावरच्या आठ आण्यांसाठी हा माणूस का अडून बसला, ते या दोन आण्यांवरून थोडेफार कळते.

कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन, मुंबईचे एल्फिन्स्टन अशी पायपीट करत १८८४ मध्ये अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधराला मामलेदारी, मुन्सफी, वकिली अशा वाटा मोकळ्या होत्या, आणि घरच्यांची आशाही त्याकडेच लागलेली असणार. गोखल्यांनी पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षकाची नोकरी घेतली आणि कायद्याचा अभ्यास चालू ठेवला. पण त्या शाळेची हवाच वेगळी होती. चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी उभी केलेली ती शाळा. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. वीस वर्षे पंच्याहत्तर रुपये महिन्यावर शिकवायचे, असे आजीव सदस्याचे व्रत होते. १८८६ मध्ये गोखल्यांनी ते घेतले. वकिलीचा अभ्यास मागे पडला.

कॉलेजात त्यांना जे पडेल ते शिकवावे लागले. गणित होतेच, इंग्रजीची गरज पडली तेव्हा इंग्रजी शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र आले. विषय बदलला की ते पहिल्यापासून तयारी करत. तयारीशिवाय वर्गावर जायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. एडमंड बर्कची पानेच्या पाने त्यांना पाठ होती, आणि वाङ्मयाच्या तासाला त्याचा उपयोगही होई. तरी माझ्या मते त्यांना घडवले ते गणिताच्या तासाने. गणिताच्या वर्गात मोठा आवाज करून काही सिद्ध होत नाही, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला पायरी समजली नाही तर मास्तरला मागे यावेच लागते.

शिक्षकाने सार्वजनिक कामात पडावे की नाही, यावरूनच मग त्या संस्थेत मोठा वाद झाला, आणि तो इथे जरा सविस्तर सांगितला पाहिजे. गोखल्यांची न्यायमूर्ती रानड्यांशी गाठ पडली होती. सरकारी अहवाल वाचायचे, त्यातले आकडे तपासायचे, त्यावर टिपणे करायची आणि ती रानड्यांना दाखवायची, असे त्यांचे दुसरे शिक्षण चालू होते. १८९० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले. सभेच्या त्रैमासिकाचे कामही आले. आगरकरांच्या 'सुधारका'च्या इंग्रजी बाजूचे काम ते आधीपासून करत होतेच. टिळकांना हे पटले नाही. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेला द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. जेझुइट धर्मगुरूंसारखी निष्ठा त्यांना हवी होती. भत्ते, बाहेरची कामे, मानधने यांवरून खटके आधीपासून उडत होतेच. गोखल्यांचे चिटणीसपद निमित्त झाले आणि १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

या भांडणाकडे आपण बहुधा टिळक आणि गोखले यांच्या पुढच्या राजकारणाच्या चष्म्यातून पाहतो. तो चष्मा काढून पाहिले तर मला टिळकांचा मुद्दा मुळीच पोकळ वाटत नाही. संध्याकाळी सभा आणि रात्री त्रैमासिकाची मुद्रिते तपासणारा शिक्षक सकाळी वर्गावर ताजा कसा राहणार, हा प्रश्न खराच आहे. गोखल्यांनी त्याला तोंडी उत्तर दिले नाही. पुढची बारा वर्षे दोन्ही कामे करून दाखवली. प्रकृतीने त्याची किंमत वसूल केली. आणि काळाचा खेळ असा की, वर्ग सोडलेले टिळकच कायदेमंडळात आधी पोचले. १८९५ मध्ये मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी त्यांना मुंबई कायदेमंडळावर निवडून दिले, १८९७ मध्ये पुन्हा. टिळकही गणिताचेच मास्तर.

१८९७ हे वर्ष गोखल्यांच्या आयुष्यात सुरुवातीला सोन्याचे होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते विलायतेला गेले. वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रह्मण्य अय्यर अशा दिग्गजांच्या बरोबरीने एकतिशीचा हा प्रोफेसर बसला आणि उलटतपासणीत डगमगला नाही. पण इकडे पुण्यात प्लेग होता. घरझडतीच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांची पत्रे त्यांना मित्रांकडून पोचत होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला हकीकत दिली. मधल्या काळात २२ जूनला प्लेगच्या बंदोबस्ताचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि सगळे वातावरण पेटले. जुलैअखेर बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस कमिशनर बोटीवरच येऊन उभे राहिले. पुरावा द्यायचा तर पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगावी लागणार, आणि ती सांगितली तर त्या माणसांचे हाल होणार. गोखल्यांनी नावे गिळली आणि जाहीर माफी मागितली. सरकारच्या लेखी ते खोटे ठरले, लोकांच्या लेखी भेकड. त्या माफीला मी भेकडपणा म्हणणार नाही. ज्याने आयुष्यभर आकडा पडताळल्याशिवाय उच्चारला नाही, त्याने एकदाच पडताळणी दुसऱ्यांवर सोपवली होती, आणि तिची शिक्षा त्याने एकट्याने भोगली. परतल्यावर ते पुण्याच्या प्लेगच्या कामाला लागले, घरोघर फिरले.

दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मध्य विभागातून मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. ज्या वाटेने टिळक गेले होते त्याच वाटेने दुसरे गणित-शिक्षक आत आले. कॉलेजातली नोकरी चालूच होती.

त्या निवडणुकीला आजच्या अर्थाने निवडणूक म्हणता येत नाही. १८९२ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलांत थोड्या जागा म्युनिसिपालट्या, लोकल बोर्डे, विद्यापीठ, व्यापाऱ्यांची मंडळे यांना दिल्या होत्या. या संस्थांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नराने ते मान्य करायचे. सामान्य शेतकऱ्याला मत नव्हते. आज मुंबईत असलेले नाहूर घ्या. ते तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले गाव होते, आणि ठाणे जिल्हा उत्तर विभागात, सुरत, भडोच, खेडा या गुजराती जिल्ह्यांच्या पंगतीला बसवलेला होता. म्हणजे तिथल्या भातशेतीवाल्याचा गोखल्यांच्या जागेशी कागदोपत्री कसलाही संबंध नव्हता. पण शेतसाऱ्याचा कायदा त्यालाही तोच लागू व्हायचा होता.

आज त्याच नाहूरला, भांडुप-मुलुंडच्या मधल्या स्टेशनाच्या दोन्ही अंगांना, राहणाऱ्या शिक्षकांना स्वतःचा आमदार आहे. महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षक मतदारसंघांच्या. मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ पासून तीन वेळा कपिल पाटील निवडून आले. जून २०२४ च्या निवडणुकीत ज. मो. अभ्यंकर. पण राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने ही मते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच दिली आहेत. एकाच इमारतीत नववीला भूमिती शिकवणाऱ्या सरांना मत आहे, खालच्या मजल्यावर चौथीला भागाकार शिकवणाऱ्या बाईंना नाही. कायदेमंडळात गेलेल्या महाराष्ट्रातल्या सर्वांत थोर शिक्षकाने आपली अखेरची ताकद प्राथमिक शाळेसाठी खर्च केली, हे माहीत असणाऱ्याला ही तरतूद बोचल्याशिवाय राहत नाही.

कौन्सिलातले काम म्हणजे भिंतीशी बोलण्यासारखे होते. सरकारी सभासदांचे बहुमत कायमचे ठरलेले. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. अशा सभेत बहुतेक लोक एक तर खुशामत करतात किंवा नुसते तोंडसुख घेतात. गोखल्यांनी तिसरे काम धरले: सरकारच्याच अहवालातले आकडे काढून सरकारपुढे मांडायचे. नगरपालिकांचे विधेयक असो की दुष्काळी कामांवरची मजुरी, तयारी तीच, वर्गावर जाण्यापूर्वीची.

कसोटीची वेळ १९०१ मध्ये आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी दख्खन आणि गुजरात पिळून निघाले होते, आणि शेतसाऱ्याच्या थकबाक्या डोंगराएवढ्या झाल्या होत्या. सरकारने जमीन महसूल कायद्याची दुरुस्ती आणली. साऱ्याच्या थकबाकीपायी जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला पुन्हा द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा त्याचा हक्क काढून घ्यायचा, असा तिचा गाभा. कारण दिले होते शेतकऱ्याला सावकारापासून वाचवण्याचे. ऐकायला हे गोड होते, आणि खेड्यात सावकाराने केलेली धूळधाण ज्याने पाहिली आहे त्याला पटण्याजोगेही.

गोखल्यांनी ते उलगडून दाखवले. साऱ्याची रक्कम ठरवणारे सरकार, दुष्काळात ती पुरती न सोडणारे सरकार, थकली म्हणून जमीन जप्त करणारे सरकार. आणि शेवटी त्या जमिनीचा खरा मालक होणारेही सरकारच. गहाण ठेवायला जमीन नसली तर शेतकऱ्याची पत जाते, आणि पत गेली की बियाणाला, बैलाला पैसा कुठून यायचा? सावकार नको असेल तर आधी कर्जाचा निकाल लावा, शेतकी पेढ्या काढा. फार तर एखाद्या लहान टापूत प्रयोग करून पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. पावसाळ्यात सरकार पुण्याला असे, म्हणून कौन्सिलही ऑगस्टमध्ये तिथेच भरले. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट. विधेयक लोकांच्या मतासाठी पुढे ढकलावे, ही फिरोजशहा मेहतांची सूचना फेटाळली गेली. तेव्हा मेहता उठले, त्यांच्याबरोबर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोखले सभागृहाबाहेर पडले. आज सभात्याग रोजचा झाला आहे. १९०१ मध्ये गव्हर्नरासमोरून उठून जाणे ही धक्का देणारी गोष्ट होती. मवाळांतले मवाळ म्हणून ज्यांची थट्टा होते त्या गोखल्यांनी हे केले, आणि तेही आपले सगळे म्हणणे पायरीपायरीने मांडून झाल्यावर. कायदा अर्थातच मंजूर झाला.

त्याच वर्षाच्या जानेवारीत गोखल्यांनी मेहतांना एक पत्र लिहिले होते. व्हाइसरॉयच्या कौन्सिलातली मुंबईची जागा मेहता सोडणार होते, ती आपल्याला मिळावी, असे त्यात मोकळेपणाने म्हटले होते. १८९७ च्या माफीची जखम भरलेली नाही, कामाने तिची भरपाई करायची आहे, हेही होते. आणि अगदी घरगुती हिशेबही होता: अंकगणिताच्या पुस्तकाचे उत्पन्न आणि संस्थेची छोटी पेन्शन यांवर आपले भागेल, म्हणजे कुणाच्या उपकारात न राहता सारा वेळ देता येईल. पदासाठी लिहिलेले इतके निर्व्याज पत्र मला दुसरे आठवत नाही. स्वतःला ते पद का हवे, पोट कशावर भरेल आणि कुठली लाज धुवायची आहे, हे तिन्ही एका कागदावर लिहून देणारे उमेदवार किती असतील?

जागा मिळाली. १९०२ मध्ये त्यांनी फर्ग्युसनचा निरोप घेतला. महिना तीस रुपये पेन्शन ठरली. सप्टेंबरातल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी समुद्रकाठी सुखाने राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. घर, शेत, कुटुंब सगळे असून त्याला समुद्राची ओढ लागते, आणि सर्वस्व नावेत भरून तो निघतो. लाटा दोनदा त्याला काठावर आणून टाकतात, तिसऱ्यांदा समुद्र त्याला गिळतो. आपणही तसेच निघालो आहोत, असे त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले.

त्याआधीच, २६ मार्च १९०२ ला, कलकत्त्याला त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण झाले होते. सरकारच्या तिजोरीत मोठी शिल्लक होती आणि व्हाइसरॉय कर्झनचे अधिकारी ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून मिरवत होते. गोखल्यांनी गणित मांडले. रुपयाचा भाव घसरत होता तेव्हा तूट भरून काढायला कर वाढवले. पुढे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिर केला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे शिल्लक उरते ती लोकांच्या खिशातून जास्तीचे काढल्यामुळे. दुष्काळाने माणसे मरत असताना अशी शिल्लक दाखवणे म्हणजे भरभराट नव्हे. मिठावरचा कर १८८८ मध्ये मणाला दोनचा अडीच रुपये केला होता. तो कमी करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. मत देण्याचा अधिकार नसलेल्या सभासदाने हे पदरात पाडून घेतले. एकट्या गोखल्यांचे ते श्रेय नाही, पण त्यांच्या आकड्यांना सरकारकडे उत्तर नव्हते, एवढे नक्की.

त्या आकड्यांमागे आणखी एक शिक्षक होते, आणि त्यांचे नाव आपण पार विसरलो आहोत: गणेश व्यंकटेश जोशी, सोलापूरच्या सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. अर्थशास्त्र आणि सांख्यिकी यांत रानड्यांनंतर त्यांच्या तोडीचा माणूस महाराष्ट्रात नव्हता. सरकारी नोकर असल्याने ते व्यासपीठावर येऊ शकत नव्हते. अंदाजपत्रकाची जाडजूड पुस्तके त्यांनी चाळायची, निष्कर्ष गोखल्यांना कळवायचे, आणि गोखल्यांनी ते व्हाइसरॉयसमोर उभे राहून मांडायचे, असे वर्षानुवर्षे चालले. कलकत्त्याच्या त्या भव्य दालनात इंग्रज अधिकारी ज्या हिशेबाने चपापत होते, त्याची पहिली मांडणी जिल्ह्याच्या गावातल्या एका हेडमास्तरांच्या टेबलावर झालेली असे.

सार्वजनिक जीवनातली पुढची पदे आणि दौरे सर्वांना माहीत आहेत. १९०५ चे काशी काँग्रेसचे अध्यक्षपद, त्याच वर्षीचा भारत सेवक समाज, दक्षिण आफ्रिका. मला सांगायचे आहे ते १९११ चे विधेयक. १६ मार्चला गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचा मसुदा मांडला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची करण्याची मुभा नगरपालिकांना आणि लोकल बोर्डांना असावी, तीसुद्धा त्या भागातली ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच. महिना दहा रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्याला फी माफ. मुलींना ही सक्ती पुढे लागू करता येईल. मागणी इतकी नेमस्त होती की नाकारायला कारण शोधावे लागले असते. कारणे सापडली: पैसा नाही, लोक तयार नाहीत, शेतावर मजूर कुठून आणायचे. अखेरचे कारण सांगणाऱ्यांत आपलेच जमीनदार होते. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. दाराला कुलूप कुणी लावले हे मोजताना फक्त इंग्रजांकडे बोट दाखवून चालत नाही. १९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

१९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, ज्यांच्या संस्थानात गोखल्यांच्या वडिलांनी आणि भावाने चाकरी केली. १९१८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विठ्ठलभाई पटेलांनी नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा करून घेतला. आणि १९२१ मध्ये मुंबई प्रांताला शिक्षणमंत्री मिळाले ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे पहिले हिंदी सीनियर रँग्लर, गोखल्यांचे विद्यार्थी, १९०२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्य आणि गणिताचे प्राध्यापक. टिळक, गोखले, परांजपे: एकाच संस्थेचे तीन गणित-शिक्षक त्या एका कायदेमंडळात गेले. परांजप्यांच्या मंत्रिपदाच्या काळात १९२३ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. त्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती दिल्या, सक्तीच्या योजना आखण्याचे काम त्यांच्यावर सोपवले आणि वाढीव खर्चाचा वाटा सरकारने उचलण्याची सोय केली. लोकल बोर्डांनी सक्ती करावी आणि सरकारने पैसा द्यावा, ही मांडणी अकरा वर्षांपूर्वी ३८ जणांनी पाडलेल्या मसुद्यातली होती.